टांग्याचा ट्रंक कॉल

बाळा परब टांग्याला गेला त्याला सहा महिने होऊन गेले, तरी बोरिवलीच्या कंपनी कॉलनीतली थट्टा काही संपली नव्हती. जिन्यात, दूध केंद्रावर, वाण्याच्या दुकानात, शेवंती दिसली की कुणीतरी विचारायचंच, "काय गं, घोड्याला चारापाणी मिळतंय ना?"

टांगा हे आफ्रिकेतलं बंदर. टांझानियाच्या किनाऱ्यावरचं. तिथलं डिझेलवर चालणारं जुनं वीजघर दुरुस्त करून द्यायचं आणि दोन वर्षं चालवून दाखवायचं काम कंपनीला मिळालं होतं. कंपनी म्हणजे उपनगरांत वीज पुरवणारी कंपनी. तिचं मोठं ऑफिस अंधेरीला, आणि बोरिवलीला डोंगराच्या अंगाला रिसीव्हिंग स्टेशन. बाहेरून उंच तारांवरून येणारी वीज तिथे उतरायची आणि मग गल्लोगल्ली वाटली जायची. स्टेशनच्या भिंतीला लागूनच कामगारांच्या तीनमजली इमारती होत्या. इथल्या लोकांना कंपनी म्हणजे वांद्र्याच्या अलीकडची गोष्ट. ती समुद्रापलीकडे जाणार म्हटल्यावर तळमजल्यावरचे धोंडिराम गायकवाड म्हणाले होते, "इथं थोडे दिवे लावले, आता तिकडं लावायला निघाले!" पण बोलताना त्यांची छाती दोन इंच पुढे आली होती, हे सगळ्यांनी बघितलं.

बाळा फिटर, वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचगिअरचा. निवड झाल्याचं कळलं त्या दिवशी तो पेढे घेऊनच घरी आला.

"सहा महिन्यांनी बायकोक नेऊक मिळता," त्याने शेवंतीला सांगितलं. "कंपनी क्वार्टर देता. येशीत?"

"मी खंय येवचंय नाय," शेवंती म्हणाली. "मालवण सोडून हय इलंय. ह्या बोरिवलीत रुजाक माका धा वर्सा लागली. आता परत उपटून दुसरीकडे लावू नको."

बाळाने पेढ्यांचा पुडा बांधून फळीवर ठेवला. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात दोघंच, आणि दोघांपैकी एक गप्प बसला की घर एकदम मोठं वाटायचं. अंधेरीच्या परदेश विभागात चंद्रप्रकाश प्रधान म्हणून साहेब होते, त्यांनी शेवंतीच्या नावापुढे 'येणार नाही' असं लिहून घेतलं आणि बाळा एकटाच विमानात बसला.

१९८६ च्या जानेवारीत टांग्याची सहा माणसं मुंबईला आली. करारातच तसं होतं. कंपनीची माणसं तिकडे वीजघर उभं करतील आणि तिकडची माणसं इकडे येऊन काम शिकतील. त्यांना बोरिवलीच्या गेस्ट हाऊसमध्ये ठेवलं होतं. त्यातला एक जण पहिल्याच रविवारी सकाळी शेवंतीच्या दारात उभा राहिला. उंच, शिडशिडीत, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, हातात कापडी पिशवी.

"होडी!" तो मोठ्याने म्हणाला.

शेवंती पोळपाट तसाच टाकून उठली. "कसली होडी?"

"होडी, होडी," तो हसून म्हणाला. "हमारे यहाँ दरवाजे पर ऐसा बोलते हैं. आत येऊ का, असं. फिर घरवाली बोलती है, करिबू."

"मग करिबू," शेवंती म्हणाली. "पण तुम्ही कोण?"

तो हमिसी. टांग्याच्या वीजघरात बाळाच्या हाताखाली काम करणारा. हिंदी सिनेमे बघून आणि तिथल्या गुजराती दुकानदारांशी बोलून त्याने हिंदी उचलली होती, आणि बाळाबरोबर राहून मोडकीतोडकी मराठीही. त्याने पिशवीतून लवंगांची पुडी काढली, बाळाचा फोटो काढला, आणि एक लालपिवळं कापड काढलं. त्यावर काजूच्या बोंडांची नक्षी.

"हे माझ्या बायकोने दिलं. हे जोडीने विकतात. एक तिने ठेवलं, एक तुमको भेजा. शेमेजीसाठी."

"शेमेजी म्हणजे?"

हमिसी विचारात पडला. "भाई की बीवी."

"वहिनी!" शेवंती म्हणाली. "आणि तुमच्या बायकोचं नाव काय?"

"आशा."

शेवंतीला वाटलं, हा मस्करी करतोय. "आशा? ती तर आमच्यातली झाली."

"नहीं, हमारी है," हमिसी ठासून म्हणाला, आणि दोघंही खो खो हसायला लागली.

मग त्याने सांगितलं ते ऐकून मात्र शेवंती हसायची थांबली. बाळा रोज दुपारी आशाच्या हातचं जेवत होता. पहिले पंधरा दिवस त्याने मेसमधलं उकडलेलं काहीतरी गिळलं आणि चेहरा इतकासा झाला. ते बघून हमिसीने त्याला घरी नेलं. आशाने नारळाच्या रसात मासे शिजवले होते, सोबत भात. बाळाने पहिला घास घेतला आणि ताटावरून उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

"आशाला वाटलं, जेवण खराब झालं," हमिसी म्हणाला. "मी बाहेर गेलो तर तो डोळे पुसतो. बोला, मेरे घर का खाना है."

शेवंतीने गॅस मोठा केला. "बसा तुम्ही. जेवल्याशिवाय जायचं नाही."

गोराईच्या कोळणीकडून घेतलेली सुरमई घरात होतीच. तिरफळ घातलेलं माशाचं तिखलं हमिसीच्या समोर आलं तेव्हा त्याने वास घेतला, एक घास घेतला आणि म्हणाला, "मिरची जास्त. बाकी माझी आई."

तेव्हापासून दर रविवारी हमिसी जेवायला यायचा, आणि रविवारी सकाळपासून अर्धी कॉलनी काही ना काही निमित्ताने शेवंतीच्या घरात डोकवायची. शब्दांचा खेळ सुरू झाला होता. गाडीला तिकडे गारी म्हणतात. रंगाला रंगी. बर्फाला बराफू. चहाला तर चाईच म्हणतात. दुसऱ्या मजल्यावरची उत्तरा अंधेरीच्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होती, तिने ते सगळे शब्द पाठ केले आणि येताजाता "होडी" ओरडायला लागली. धोंडिराम रिसीव्हिंग स्टेशनात शिफ्ट इन्चार्ज. हमिसीला काम तेच शिकवायचे, आणि संध्याकाळी येऊन सांगायचे, "पोरगं लय हुशार आहे. एकदा दाखवलं की झालं."

हमिसी आशाबद्दल फार बोलायचा. तिचे दिवस भरत आले होते. एप्रिलच्या शेवटी बाळंत होईल, तोवर आपण घरी पोचू, असा त्याचा अंदाज. पहिलंच मूल. त्याने गोरेगावच्या दुकानातून एक खुळखुळा घेतला होता आणि तो खिशात घेऊन फिरायचा.

शेवंती ऐकत राहायची. समुद्रापलीकडे एक बाई, पोट एवढं पुढे आलेलं, आपल्या नवऱ्याचं ताट वाढते आहे. आणि आपण इथे तिच्या नवऱ्याचं. एकमेकींना बघितलेलं नाही. एकदा तिने हमिसीला विचारलं, "तिला एवढं वाकता येतं का? बाळाला सांगा, स्वतःचं ताट स्वतः घे म्हणावं."

"घेतो," हमिसी म्हणाला. "और मेरा कुएँ का पानी भी वही भरता है."

हे शेवंतीला नवीन होतं. बाळाने बोरिवलीत कधी बादली उचलली नव्हती.

मार्च अर्धा सरला होता. दुपारी वाण्याचा गडी पळत आला. "काकी, फोन! अंधेरीवरून उत्तराताईंचा. लवकर!"

कॉलनीत फोन फक्त वाण्याकडे. शेवंती चपला न घालताच धावली.

"शेवंती, नीट ऐक," उत्तरा भराभर बोलत होती. "टांग्यावरून टेलेक्स आलाय. हमिसीच्या बायकोला हॉस्पिटलात नेलंय. कळा आधीच सुरू झाल्यात. बाळाभाऊंनी तिकडून ट्रंक कॉल लावलाय, साडेतीनला इथे ऑफिसात येईल. हमिसीला इथे पाठव."

"मग स्टेशनात फोन कर ना!"

"केला. तिथे निरोप घ्यायलाच कुणी तयार नाही गं, आज नवा ट्रान्सफॉर्मर चालू करतायत. म्हणतात कामाचं असेल तर बोला. तू जा, भिंतीपलीकडेच तर आहे!"

शेवंती तशीच अनवाणी स्टेशनच्या गेटकडे पळाली. मार्चचं ऊन, डांबर तापलेलं. वॉचमनने हात आडवा केला.

"आत नाही सोडता येणार वहिनी. आज तर अजिबात नाही."

"अरे, त्याची बायको अडलीय!"

"कुणाची?"

"हमिसीची! धोंडिरामांना बोलव. बोलव नाहीतर मी इथे बोंब ठोकते."

वॉचमनने आत निरोप धाडला. धोंडिराम घामाघूम होऊन गेटपर्यंत आले. ऐकून घेतलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"शेवंताबाई, तो पॅनलसमोर उभा आहे. सगळी तपासणी झाली, अंधेरीच्या कंट्रोलने हो म्हटलं की ब्रेकर टाकायचा, वीज सोडायची. आणि तो ब्रेकर आज तोच टाकणार आहे. तीन महिन्यांचं शिक्षण त्याचं."

"मग त्याला सांगणारही नाही?"

धोंडिरामांनी कपाळावरचा घाम पुसला. "सांगतो. लपवायचं नाही. मग तो ठरवील."

ते आत गेले. शेवंती गेटच्या गजांना धरून उभी राहिली. आत काँक्रीटच्या ओट्यावर नवा ट्रान्सफॉर्मर उभा होता, घराएवढा, राखाडी रंगाचा. पलीकडे चार इंजिनिअर पिवळ्या टोप्या घालून उभे. कॉलनीतल्या बायकाही एकेक करत तिच्या मागे जमल्या.

एकदम खट्ट असा मोठा आवाज आला. सगळ्या जणी दचकल्या. आणि मग तो राखाडी डोंगर घुमायला लागला. जमिनीतून पायांना जाणवेल असा खोल, एकसारखा गुणगुणाट. आत टाळ्या पडल्या.

पुढच्याच मिनिटाला हमिसी धावत बाहेर आला. शर्ट भिजलेला, डोळे मोठे झालेले.

"शेमेजी, आशा..."

"हॉस्पिटलात आहे. बाळा आहे तिच्याजवळ. अंधेरीला चला, फोन येणार आहे."

"मी ब्रेकर टाकला," तो म्हणाला, जणू तेही सांगून टाकलं पाहिजे. "मीच बोललो, आधी ब्रेकर, मग फोन."

धोंडिरामांनी तोवर फॉल्टची गाडी थांबवली होती. कुठे वीज गेली की धावणारी ती कंपनीची पिवळी गाडी, टपावर शिडी, आत वायरींची भेंडोळी. ती अंधेरीलाच निघाली होती. ड्रायव्हर नंदू आणि वायरमन भीमराज पुढे बसले होते.

"नंदू, साडेतीनच्या आत पोचव," धोंडिराम म्हणाले.

"झकास. बसा मागे, धरून बसा."

शेवंतीला कुणी चल म्हटलं नव्हतं, पण तीही चढली. मागून कुणीतरी तिच्या चपला गाडीत फेकल्या.

नंदूने हायवेवर गाडी अशी सोडली की टपावरची शिडी वाजायला लागली. हमिसी दोन्ही हातांनी बाक धरून बसला होता आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होता. कांदिवली मागे पडलं. शेवंती त्याला धीर द्यायला काहीबाही बोलत होती. "पहिलटकरणीचं असं होतंच. माझ्या बहिणीचं पण आधीच झालं होतं. काही नाही झालं तिला." तिची बहीण महिनाभर अंथरुणाला खिळली होती, ते तिने सांगितलं नाही.

तेवढ्यात गाडीतला वायरलेस खरखरला. भीमराजने तो कानाला लावला आणि त्याचा चेहरा बदलला.

"मालाड स्टेशनजवळ बांबूचा ट्रक तारेत अडकलाय. तार तुटून रस्त्यावर पडलीय. जिवंत आहे. शाळा सुटायची वेळ झालीय."

नंदूने आरशातून मागे बघितलं. "दुसरी गाडी?"

"कुर्ल्याला गेलीय."

हमिसीने पुढे वाकून विचारलं, "क्या हुआ?" भीमराजने सांगितलं. हमिसीने एकदा घड्याळाकडे बघितलं आणि नंदूच्या खांद्यावर थाप मारली. "चलो. जल्दी."

मालाडच्या त्या अरुंद रस्त्यावर माणसांची जत्राच भरली होती. ट्रक आडवा, बांबू वर वायरीत गुंतलेले, आणि खाली तुटलेली तार रस्त्यावर लोळते आहे. मधूनच निळी ठिणगी उडायची आणि लोक "ओऽऽ" करून मागे सरायचे, की पुन्हा पुढे. भीमराज वीज बंद करायला कोपऱ्यावरच्या पेटीकडे धावला. नंदू वायरलेसवर बोलत राहिला. हमिसीने गाडीतले रबरी हातमोजे आधीच चढवले होते आणि लाकडी काठी उचलली होती.

"तू बस रे!" भीमराज लांबूनच ओरडला. "तुझा फोन आहे!"

हमिसीने ऐकलंच नाही. तो तारेपासून योग्य अंतर ठेवून उभा राहिला आणि काठी आडवी धरून गर्दी थोपवायला लागला. पण त्या गोंगाटात तो काय बोलतोय ते कुणाला ऐकूच जाईना. शाळेची पोरं दप्तरं घेऊन बाहेर पडत होती. तेव्हा शेवंती गाडीतून उतरली.

"ए! मागे हो! मागे हो म्हणते ना!" तिचा आवाज मालवणच्या मासळी बाजारात घडलेला. "तुला मरायचं असेल तर घरी जाऊन मर! ए टोपीवाल्या, पोरांना धर! बाई, तुमची पोरं आवरा, त्या दुकानात घाला! कुणी पुढे आलं तर मी पाय तोडीन!"

गर्दी मागे हटली. टोपीवाल्याने खरोखरच पोरांची साखळी केली आणि त्यांना दुकानात ढकललं. भीमराजने पेटी उघडून पुरवठा तोडला आणि हात वर केला. मग हमिसीने आणि त्याने मिळून तार ओढून बाजूला घेतली, बांबू सोडवले. शिडी लावून भीमराज वर चढला, हमिसीने खाली शिडी धरली. वरून भीमराज ओरडायचा, "पक्कड!", आणि हमिसी ती नेमकी वर फेकायचा. तार जोडून झाली, पेटीतून वीज पुन्हा सोडली आणि समोरच्या हॉटेलातला रेडिओ एकदम सुरू झाला. लोकांनी शिट्या मारल्या. एका म्हाताऱ्याने हमिसीच्या हातात उसाच्या रसाचा ग्लास दिला, तो त्याने एका घोटात संपवला.

"किती वाजले?" शेवंतीने विचारलं.

साडेतीन केव्हाच वाजून गेले होते.

गोरेगाव गेलं, जोगेश्वरी गेली. हमिसीचे हातमोजे अजून हातातच होते. अंधेरीच्या ऑफिसच्या फाटकात गाडी शिरली तेव्हा उत्तरा पायऱ्यांवर उभी होती, दोन्ही हात हलवत.

"या! या! धावा!"

"कॉल गेला ना?" शेवंतीने विचारलं.

"आला आणि तुटला. मी परत मागितलाय. एक्स्चेंजमधल्या बाईला सांगितलं, ताई, माणूस बाप होतोय, रद्द करू नका, नाहीतर तुमच्या दारात येऊन बसेन. ती म्हणाली, मीच कान लावून बसते."

टेलिफोनच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. टांग्याचे बाकीचे पाच जण आले होते, टायपिस्ट मुली होत्या, शिपाई होते, अगदी बिलिंगमधले लोकही काम सोडून आले होते. परदेश विभागाचे प्रधान साहेब दारात उभे होते आणि "ऑफिस आहे हे, ऑफिस आहे," असं म्हणत होते, पण स्वतः हलत नव्हते.

घंटी वाजली.

उत्तराने रिसीव्हर उचलला, "यस, यस, टांगा, यस," म्हणाली आणि तो हमिसीच्या हातात कोंबला. हमिसीला आधी हातमोजा काढावा लागला. त्याने कान लावला. खोलीत इतकी शांतता झाली की रिसीव्हरमधली खरखर सगळ्यांना ऐकू आली. आणि त्या खरखरीतून बाळाचा आवाज, लांबून, विहिरीत ओरडल्यासारखा.

"हमिसी! हमिसी! बिन्ती! बिन्ती!"

हमिसी रिसीव्हर घट्ट धरून उभा राहिला. त्याच्या पाच दोस्तांनी मात्र एकच आरोळी ठोकली आणि टेबलावर ढोल बडवल्यासारखे हात आपटायला सुरुवात केली. "मुलगी! मुलगी झाली!" उत्तरा ओरडली. टायपिस्ट मुलींनी टाळ्या वाजवल्या. प्रधान साहेबांनी चष्मा काढून पुसला.

हमिसी आता एकामागून एक विचारत सुटला होता, स्वाहिलीत, हिंदीत, मराठीत, जे तोंडाला येईल त्यात. आशा कैसी है? वजन किती? कुणासारखी आहे? बाळा तिकडून ओरडत होता, आणि हमिसी ऐकून ऐकून खोलीला सांगत होता. "आशा बरी आहे! चहा मागते! मुलगी ओरडते, मशीनपेक्षा जास्त ओरडते!" मग ऐकता ऐकता तो शेवंतीकडे वळला. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"तो म्हणतो, गाडी नव्हती मिळत. तुमच्या बाळाभाऊने वीजघराचा ट्रक काढला. आशाला स्वतः घेऊन गेला. दाराबाहेर बसून होता." त्याने रिसीव्हर पुढे केला. "बोला, शेमेजी. बोला ना."

शेवंतीने रिसीव्हर घेतला. ती जोरात "हॅलो" म्हणाली.

"कोण? शेवंती?" बाळा ओरडला. "तू थंय? तू अंधेरीक कशी?"

"आशाक सांभाळलंस मां नीट?"

"सांभाळलंय. चेडू कसला गोड आसा गो! एवढीशी बोटां! माझा बोट धरल्यान आणि सोडुकच नाय!" त्याचा आवाज फाटला. लाइन फाटली की तो, ते कळलं नाही. "शेवंती, आयक. माका आणखी वरीस रवाचा लागतला. कंपनीन करार वाढवल्यान. तुका राग येतलो म्हणान सांगूक नाय."

शेवंतीने एकदा खोलीवर नजर फिरवली. उत्तरा, नंदू, भीमराज, रडणारा हमिसी, टेबल बडवणारी त्याची माणसं.

"मी येतंय," ती म्हणाली.

"काय? आयकाक येणा नाय!"

"मी येतंय!"

"मोठ्यान बोल!"

"अरे मेल्या, मी टांग्याक येतंय!" शेवंती इतक्या जोरात ओरडली की जिन्यातला शिपाई आत धावत आला. पलीकडे क्षणभर नुसती खरखर. मग बाळा हसायला लागला. हसतच राहिला. तो हसत असतानाच कॉल तुटला.

शेवंतीने रिसीव्हर ठेवला आणि सरळ दारातल्या प्रधान साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. पायाला मालाडची धूळ, केस सुटलेले.

"साहेब, माझ्या नावापुढे तुम्ही 'येणार नाही' लिहिलंय. ते खोडा."

"असं कसं, परब बाई? मुदत संपली. तिकडची मंजुरी लागते, पासपोर्ट लागतो..."

"मग लागू दे. कधी करायचं सांगा."

"लिहा ना साहेब!" उत्तरा मागून म्हणाली. भीमराजही म्हणाला. मग बिलिंगवाले, टायपिस्ट मुली, सगळेच. टांग्याच्या पाच जणांना काय चाललंय ते कळलं नव्हतं, तरी तेही "लिहा, लिहा" म्हणायला लागले. प्रधान साहेबांनी खिशातलं पेन काढलं. "हे असं होत नसतं," ते म्हणाले, पण पेनाचं टोपण उघडलं होतं.

हमिसीने त्या संध्याकाळी अंधेरी स्टेशनबाहेरची जिलबी टोपलीभर घेतली आणि ऑफिसात दिसेल त्याला वाटली. एप्रिलच्या सुरुवातीला तो आणि त्याची माणसं परत गेली. शेवंतीचा पासपोर्ट यायला पावसाळा उजाडला. कॉलनीतल्या बायकांनी तिला भरून भरून दिलं. कोकमं, तिरफळं, सुके बांगडे. "कस्टमवाले नाक धरून पळतील," उत्तरा म्हणाली. धोंडिरामांनी विमानतळावर तिची पेटी उचलली आणि दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

टांग्याला ती संध्याकाळी पोचली. दारेसलामहून बसने दिवसभराचा रस्ता, आणि शेवटी एका वळणावर समुद्र, माडांच्या रांगा, आणि त्यांच्यामागे वीजघराचं धुरांडं. तिने वाटेत स्वाहिलीतली सगळी वाक्यं घोकली होती. कशी आहेस, मुलगी कशी आहे, मी शेवंती. वीजघराच्या गेटपाशी बाळा उभा होता, काळा पडलेला, दाढी वाढवलेली. हमिसी त्याच्या शेजारी. आणि पुढे, कडेवर बाळ घेऊन, एक गोल चेहऱ्याची बाई.

शेवंती बसमधून उतरली आणि तिच्या डोक्यातला एकूणएक शब्द पळाला.

आशाच पुढे आली. तिने मुलीला उचलून सरळ शेवंतीच्या हातात दिलं, तिच्याकडे आपादमस्तक बघून घेतलं, आणि घोकून घोकून पाठ केलेल्या मालवणीत म्हणाली, "इलंस गो? दमलंस? चल, जेवूक बस."